कूलरमागचा नाग

मृगाचा पाऊस पडला की वाळ्याच्या ताट्या ओल्या असतानाच कूलर अंगणाच्या कोपऱ्यात लोटून देण्याची जी नागपुरी रीत आहे, तिच्यामुळे बेडकांना गारवा आणि बेडकांमागून येणाऱ्या नागाला आडोसा आयताच लाभतो. नागपूरच्या जरीपटक्यात, फाळणीनंतर येथे स्थायिक झालेल्या एका सिंधी कुटुंबाच्या घरी असाच नाग निघाल्याची वर्दी आली, तेव्हा मी एका सर्पमित्राबरोबर होतो. फोनवर त्याने बजावले, "पाणी, फिनाईल काही टाकू नका, दुरून फक्त नजर ठेवा." दृष्टीआड झालेला साप पुन्हा सापडणे दुरापास्त, आणि तो न सापडलेल्या घरात त्या रात्री कुणाचा डोळा लागत नाही.

फाटकाशी जमाव होता, दोघातिघांच्या हाती काठ्या होत्या. साप धरण्यापूर्वी माणसे आवरावी लागतात, आणि माझ्या मते या विद्येचा बिकट भाग तोच. त्याने काठीवाल्यांपैकी वडीलधाऱ्या गृहस्थांनाच "काका, मुलांना तुम्ही मागे धरा" अशी विनंती केली आणि ते तत्काळ पहाऱ्याला उभे राहिले.

कूलर सरकताच नागाने फणा उभारला. त्यावरचा दहाचा आकडा स्वच्छ दिसत होता. मान दाबल्यास मणक्यांना इजा होते, म्हणून सर्पमित्राने मानेला हात न लावता आकड्याच्या काठीने शरीराच्या मध्यभागाला आधार देत, कापडी पिशवीच्या तोंडाशी बसवलेल्या प्लास्टिकच्या नळीकडे त्याला हळूहळू वळवले. अंधारे बीळ समोर दिसल्यावर फूत्कार थांबले, नाग आपल्या पायाने चालून आल्यासारखा आत सरकला, आणि पिशवीला पीळ देऊन गाठ बसली.

"भाऊ, गोरेवाड्याच्या जंगलात सोडाल ना याला?" घरातल्या बाईंनी विचारले. अनोळखी मुलखात त्याला ना बीळ ठाऊक, ना भक्ष्य. म्हणून जवळच्याच नाल्याकाठी सोडायचा, असे सर्पमित्राने समजावले. मला हे न्याय्य वाटते. जवळच्या नारा, नारी या मौज्यांची शेतजमीन ले-आउटांत विभागली गेली, बांध बुजले. परंतु उंदीर राहिले आणि उंदरांवर जगणारा नागही राहिला. त्याला घुसखोर ठरवण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानेही त्याचा वध गुन्हा मानला आहे.

मग सर्पमित्राने घर तपासले : मोरीची तुटलेली जाळी, दाराखालची फट, भिंतीलगतचा विटांचा ढीग. मण्यार रात्री फिरतो, त्याचा दंश झोपेत पुष्कळदा कळतही नाही, तेव्हा जमिनीवर निजणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्यावी; आणि दंश झालाच, तर चिरा न देता, दोरी न आवळता, रुग्णाला थेट मेयो रुग्णालयात न्यावे, प्रतिविषाला पर्याय नाही, असे त्याने पुन्हा पुन्हा सांगितले.

जखमी प्राणी तो सेमिनरी हिल्सच्या वन्यप्राणी उपचार केंद्रात पोहोचवतो. हा नाग धडधाकट होता. वहीत जात, ठिकाण, वेळ यांची नोंद होईतो बाईंनी मुलाला जाळी आणायला दुकानात पिटाळलेही होते.