फोटो काढा, पण तणाचं नाव कळेल असा!

मोबाइलवर एक फोटो येतो. शेताचा बांध, वर आभाळ, मधे हिरवंगार काहीतरी आणि खाली प्रश्न : 'हे कुठलं तण आहे हो?' समोर कितीही मोठा जाणकार असो, अशा फोटोवरून तो एवढंच सांगू शकतो की हे तण हिरवं आहे!

मध्य प्रदेशात जबलपूरहून भोपाळच्या रस्त्याला लागलं की शहपुरा येतं. नर्मदेच्या खोऱ्यातला हा टापू हिवाळ्यात मटार आणि गव्हाने भरलेला असतो. रस्त्याच्या कडेला मात्र मराठी माणसाच्याही चांगल्या ओळखीचा पाहुणा ठाण मांडून बसलेला दिसतो, गाजरगवत. इथे त्याला गाजर घास म्हणतात, आपल्याकडे काँग्रेस गवत. मूळचं अमेरिका खंडातलं हे गवत (खरं तर ते गवत नव्हेच, सूर्यफुलाच्या कुळातलं झुडूप आहे) भारतात आल्याची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली, ती पुण्याहून. आणि आज त्याच्याविरुद्धच्या देशभरच्या मोहिमेची सूत्रं जबलपूरहून हलतात. १९८९ साली इथे सुरू झालेलं तण संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आता भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं तण संशोधन संचालनालय म्हणून ओळखलं जातं. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह तेच आखतं.

पण तणाचं नेमकं नाव कळलं नाही तर असं काय बिघडतं? उपटून फेकलं की झालं!

काय बिघडतं ते साल्विनिया या पाणवनस्पतीने जगाला शिकवलं. पाण्यावर तरंगणारं हे नेचं. १९५८ नंतर आफ्रिकेतल्या करिबा धरणात पाणी साठू लागलं आणि काही वर्षांतच सुमारे एक हजार चौरस किलोमीटर पाणी या वनस्पतीने झाकून टाकलं. होड्या अडकल्या, जाळी टाकायला जागा उरली नाही. शास्त्रज्ञांनी तिला 'साल्विनिया ऑरिक्युलाटा' समजून तिचा शत्रू शोधला. त्या जातीवर जगणारा एक सोंडकिडा आणून सोडला. त्याने फारसं काही केलं नाही. करणार कसं? वनस्पती दुसरीच होती! १९७२ साली डेव्हिड मिचेल यांनी ती वेगळी जात असल्याचं दाखवून तिचं नाव ठेवलं 'साल्विनिया मोलेस्टा'. १९७८ मध्ये तिचं माहेर आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं आणि तिथेच तिला खाणारा जेमतेम दोन मिलिमीटरचा सोंडकिडाही मिळाला. १९८० साली तो ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात सोडला, तर साधारण वर्षभरात तलाव मोकळा झाला.

हाच किडा पुढे भारतात आला आणि केरळच्या पाण्यात कामाला लागला. तिथे या वनस्पतीला 'आफ्रिकन पायल' म्हणतात. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या सारणी धरणावर तिचं नाव 'चायनीज झालर'! बिचारी आफ्रिकेचीही नाही आणि चीनचीही नाही. जबलपूरच्या संस्थेने २०१९ साली हा सोंडकिडा शेजारच्या कटनी जिल्ह्यातल्या एका गावतळ्यात सोडला आणि सुमारे दीड वर्षात तळ्याचं पाणी पुन्हा दिसू लागलं.

तेव्हा तळ्याचा नुसता हिरवा गालिचा टिपून उपयोग नाही. साल्वि‌नियाच्या पानावर बारीक केस असतात. प्रत्येक केसाच्या टोकाला चार फांद्या फुटतात आणि त्या पुन्हा एकत्र येऊन इवलासा पिंजरा होतो. काही साल्विनियांत या फांद्या मोकळ्याच राहतात. पिंजरा दिसला की गट ठरला. त्या गटातली नेमकी जात मात्र पानाखाली, मुळांसारख्या लोंबणाऱ्या भागावर असलेल्या बारीक गोळ्यांच्या माळेवरून ठरते. म्हणजे फोटो दोन हवेत, वरून एक आणि उलटा करून एक.

जमिनीवरच्या तणांचंही असंच. पावसाळ्यात गाजरगवत आणि ओसाडी शेजारी शेजारी उगवतात, दोन्हींची फुलं पांढुरकी. ओसाडीची पानं खोडावर समोरासमोर जोडीने येतात आणि अखंड असतात. गाजरगवताची एकाआड एक येतात आणि गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली असतात. वरून फक्त फुलांचा झुपका काढला तर हा पुरावाच फोटोबाहेर राहतो. म्हणून एक फोटो अख्ख्या रोपाचा, एक पान खोडाला जुळतं त्या सांध्याचा, एक पानाच्या पाठीचा, एक फुलाचा समोरून आणि एक बाजूने घ्यावा. फळ किंवा बी मिळालं तर दुधात साखर. शेजारी रुपयाचं नाणं ठेवलं की आकाराचा अंदाज येतो.

सर्वांत कठीण परीक्षा गव्हाच्या शेतात असते. रानओट, म्हणजे इकडची जंगली जई, लहानपणी हुबेहूब गव्हासारखी दिसते. निंदणी करणारे अनुभवी हातसुद्धा फसतात. खूण असते ती पान खोडाला मिठी मारतं तिथे. गव्हाला त्या जागी दोन इवलेसे, केसाळ 'कान' असतात, रानओटाला नसतात. हे कान टिपायचे तर पान हलक्या हाताने मागे ओढून धरावं लागतं.

आणि इथेच मोबाइल दगा देतो. फार जवळ नेला की तो मागच्या मातीवर फोकस करतो. वीतभर मागे सरावं, पडद्यावर नेमक्या त्या सांध्यावर बोट टेकवावं, मागे तळहात किंवा काळं कापड धरावं. वाऱ्याने रोप हलत असेल तर दुसऱ्या कुणाला देठ धरायला सांगावं. घरातली शाळकरी मुलं हे काम आनंदाने करतात. ऊन सकाळचं बरं. दुपारी छत्रीची सावली धरावी. पांढरी फुलं उन्हात नुसता ठिपका होऊन जातात, तेव्हा पडद्यावरचा उजेड कमी करावा. रंग खुलवणारे फिल्टर अजिबात नकोत, कारण पानाचा खरा रंग हीसुद्धा खूण आहे. तारीख, गाव आणि जागा (बांध, तळं की पीक) सोबत लिहून ठेवावी.

गाजरगवताजवळ जाताना हातमोजे घालावेत, फुलांवर वाकून श्वास घेऊ नये. अनेकांना त्याच्या स्पर्शाने खाज आणि परागांनी दमा होतो. साल्विनिया हातात घेतलं तर फोटो झाल्यावर ते काठापासून दूर, कोरड्या जागी वाळत टाकावं. दिसायला गोड म्हणून घरच्या माशांच्या टाकीत नेऊ नये. या वनस्पतीला बी धरत नाही. तुटलेल्या एका तुकड्यापासूनच ती नवा संसार मांडते.