पडदा लहान, खड्डा तेवढाच
जुने खेळ, नव्या पेट्या : भाग ४

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या स्वस्त पेटीत, कॅसेट फुंकून फुंकून घालत आपल्यापैकी कित्येकांनी जो मारिओ पळवला, तो मूळचा जपानचा. निन्टेंडोच्या फॅमिकॉमवर १९८५ साली आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. अख्खा खेळ ४० किलोबाइटचा. सकाळी फोनवर येणारं ‘सुप्रभात’चं फुलांचं चित्रसुद्धा सहसा याहून जड असतं. एवढासा खेळ हातात मावणाऱ्या यंत्रात बसवायचा, तर जागेची अडचण यायचं कारण नव्हतं. अडचण आली ती पडद्याची.

निन्टेंडोने १९९९ मध्ये हा खेळ ‘सुपर मारिओ ब्रदर्स डिलक्स’ या नावाने गेम बॉय कलरवर आणला. फॅमिकॉमचं चित्र २५६ ठिपके रुंद होतं आणि मारिओच्या जगातली एक वीट १६ ठिपक्यांची. म्हणजे एका आडव्या रांगेत सोळा विटा दिसायच्या. गेम बॉय कलरचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा; त्यात आडव्या दहा विटा मावतात, उभ्या नऊ. सगळं चित्र आक्रसून बसवलं असतं तर मारिओच्या मिशा आणि टोपी यांचा एकच डाग झाला असता. म्हणून आकृत्या होत्या तेवढ्याच ठेवल्या आणि भोवतालचं जग कापलं.

इथेच गोम आहे. प्लॅटफॉर्म खेळ म्हणजे धाव आणि उडी, आणि उडी कधी मारायची हे पुढचा खड्डा दिसल्यावर ठरतं. सोळातल्या सहा विटा नजरेआड गेल्या की विचार करायला मिळणारा वेळही गेला. मारिओचा वेग तोच, खड्ड्याची रुंदी तीच, शत्रू एकानेही वाढलेला नाही, तरी खेळ अवघड झाला. उडी मारल्यावर खाली काय आहे तेही कळेना, म्हणून वर-खालीचं बटण दाबून डोकावायची सोय केली. विहिरीच्या कठड्यावरून वाकून पाहावं तशी. मला ती केविलवाणी वाटते. ज्या खेळाची मजा न थांबता पळण्यात, त्यात थांबून डोकावायचं? एरवी त्या कॅसेटमध्ये भुताशी शर्यतीसारखी नवी गंमत भरपूर होती, हे मात्र मान्य करायला हवं.

दोन वर्षांनी, २००१ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्स आला. त्याचा पडदा २४० बाय १६०, म्हणजे पंधरा विटा रुंद आणि दहा उंच. सुपर फॅमिकॉमवरचा १९९० चा ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ सोळा बाय चौदा विटांचा होता. तो या नव्या यंत्रावर आणताना कात्री लागली ती बरीचशी उंचीला. रुंदीत एकच वीट गेली. धावायचं आडवं असल्यामुळे हा तोटा पचला. मूळ कंट्रोलरला उजव्या हाताला चार बटणं होती, इथे दोनच. म्हणून गिरकी घेऊन मारायची उडी वरच्या कडेच्या आर बटणावर गेली. अंगठ्याचं काम तर्जनीकडे आलं. दोन दिवसांत सवय होते.

रंगांची गोष्ट याहून मजेशीर. पहिल्या गेम बॉय ॲडव्हान्सच्या पडद्यामागे दिवाच नव्हता. बाहेरचा उजेड पडेल तेवढंच दिसायचं. खिडकीशी किंवा ट्यूबलाइटखाली यंत्र वाकडंतिकडं धरून खेळावं लागे. ही काळोखी ओळखून मारिओचे रंग मुद्दाम उजळ, फिके केले गेले. अळणी भाजीत मीठ जरा जास्त टाकल्यासारखंच हे. मग २००३ मध्ये ॲडव्हान्स एसपी आला, त्याला पडद्यावर उजेड टाकणारा दिवा होता. पण कॅसेट जुनीच. अंधारासाठी घातलेलं मीठ आता उजेडात जिभेला लागू लागलं. आजच्या लखलखीत पडद्यावर तीच आवृत्ती लावली, तर आकाश धुऊन धुऊन विटलेल्या शर्टासारखं दिसतं आणि नव्या खेळाडूला वाटतं, खेळ जुना आहे म्हणून रंग उडालाय. मूळ १९९० ची आवृत्ती शेजारी लावून पाहावी. जुनी तीच गडद आहे.

पुढच्या आठवड्यात : त्याच कॅसेटमधलं संगीत एवढं पातळ का वाजतं?