मोडीच्या भावाने

पुण्यात मंगळवार पेठेच्या बाजूस दर रविवारी व बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजाराचे नाव काढताच पुष्कळ सभ्य गृहस्थ नाक मुरडतात. परंतु ज्या शहरात वाडे पडून इमारती उठल्या, कारखान्यांना टाळी लागली आणि कर्त्या माणसाच्या पश्चात त्याची हत्यारपेटी घरात कोणासही नकोशी झाली, त्या शहराचा निरुपयोगी ठरलेला सरंजाम भट्टीत जाण्यापूर्वी अखेरचा गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडतो तो येथेच.

येथे किफायत कशी होते, हे समजण्यास भंगाराचा हिशेब ध्यानी घ्यावा लागतो. दारोदार फिरणारा भंगारवाला लोखंड, पितळ व तांबे तराजूत घालून मोडीच्या दराने उचलतो. त्याच्या लेखी घडाईस मोल नसते. सबब वितळवण्याचा भाव आणि वापराची योग्यता यांत जे अंतर पडते, त्यातच पथारीवाल्याचा नफा व जाणत्या गिऱ्हाइकाचा लाभ सामावलेला असतो. (पथारीवालाच जाणता निघाला, तर मात्र दुसऱ्याची आशा सोडावी.)

सुताराचा लोखंडी रंधा घ्या. वरच्या तांबूस गंजास भिण्याचे कारण नाही. रॉकेलात भिजवून घासला की तो बव्हंशी निघतो. पाहावयाचे ते निराळेच: तळावर सरळ पट्टी टेकवून उजेडासमोर धरावी, मधून उजेड डोकावल्यास तळ वाकलेला समजावा, पुन्हापुन्हा धार लावून झिजलेल्या पात्यात पोलाद कितपत शिल्लक आहे ते तपासावे, आणि तोंडापाशी चीर आढळल्यास, चिरलेले बीड सांधणे अतिशय जिकिरीचे असल्यामुळे, तो रंधा फुकटही घेऊ नये.

पितळी म्हणून पुढे केलेल्या भांड्यास लोहचुंबक लावावा. चिकटला तर आत लोखंड आहे. स्वयंपाकास वापरावयाचे असल्यास कल्हईचा खर्च किमतीतच धरावा. 1956 च्या कायद्याने दशमान वजने येण्यापूर्वीची शेर-पावशेराची वजने दृष्टीस पडली, तर ती तोलण्यास निकामी असली तरी दाराला अडण म्हणून उत्तम. अशाच नित्याच्या घरगुती जिनसा जमवण्यात दिनकर केळकर यांनी आयुष्य वेचले आणि 1975 साली तो संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला.

विजेचे उपकरण चालवून पाहिल्याविना घेऊ नये, आणि मोबाईल तर पावतीविना मुळीच नव्हे. माल चोरीचा निघाल्यास तो मुद्देमाल म्हणून जप्त होतो आणि स्वस्ताईचा जबाब चौकीत द्यावा लागतो. घासाघीस करताना, जिच्यावर मन बसले असेल ती वस्तू सोडून शेजारचीच आधी उचलावी, आणि मोठी नोट सौदा पटेपर्यंत खिशाबाहेर काढू नये.