जहाज लागते त्या दिवशीचे फ्रेडरिकस्टेड

माझा भाचा प्रवासी जहाजावर लाँड्रीत काम करतो. रत्नागिरीकडच्या आमच्या मोहल्ल्याला दर्यावरची नोकरी नवी नाही. त्याचे दादा मालवाहू जहाजावर खलाशी होते, हा चादरी धुतो, एवढाच फरक. रात्री साडेसातला त्याचा फोन आला की आपा ओळखते, आज जहाज ‘त्या शांत गावाला’ लागले. तिथे तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात.

ते गाव म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावरचे फ्रेडरिकस्टेड. गावाची वस्ती हजाराच्याही आत. शेजारच्या सेंट थॉमसला एका दिवशी दोन-तीन जहाजे लागतात आणि दागिन्यांच्या दुकानांत गर्दी मावत नाही. इथला लांबलचक धक्का बहुतेक दिवस रिकामा असतो. त्याच्या खांबांवर प्रवाळ वाढले आहे, त्यात समुद्रघोडे राहतात. ते बघायला लोक मुद्दाम पाण्यात उतरतात. भाच्याला मिळतात दोन-तीन तास. तेवढ्यात तो चालत गाव पालथे घालतो. दुकानात शिरताच आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचे, मग भाव विचारायचा, ही तिथली रीत. सलामाशिवाय बोलणे सुरू न करणाऱ्यांना ती शिकवावी लागत नाही. बेटावर पॅलेस्टिनी कुटुंबांची दुकाने बरीच आहेत, त्यामुळे कधीकधी सलामाला सलामही मिळतो.

धक्क्याच्या तोंडाशीच लाल रंगाचा किल्ला आहे, फोर्ट फ्रेडरिक. बेट तेव्हा डेन्मार्कचे होते आणि उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. जुलै 1848 मध्ये हजारो गुलाम या किल्ल्यासमोर जमले. त्यांचा पुढारी बडो. स्वातंत्र्य द्या, नाहीतर गाव जाळू, असा त्यांचा निरोप होता. 3 जुलैला गव्हर्नर पीटर फॉन शोल्टेन याने तिथेच गुलामी संपल्याचे जाहीर केले. बडोला मात्र बेटावरून हद्दपार केले गेले.

गुलामी गेली आणि करार आला. 1849 च्या कायद्याने मजूर वर्षभरासाठी मळ्याला बांधला गेला; मालक बदलायचा तर 1 ऑक्टोबर हा एकच दिवस. 1863 मध्ये कलकत्त्याहून तीनशेवर हिंदी मजूरही पाच वर्षांच्या करारावर इथे आणले गेले. मुदत संपल्यावर त्यांतले बहुतेक परतले आणि तो प्रयोग पुन्हा झाला नाही. 1 ऑक्टोबर 1878 ला मजुरांचा संयम सुटला. गावाचा मोठा भाग आणि अनेक मळे जळाले. मेरी थॉमस या मजूर बाईला लोक आजही ‘क्वीन मेरी’ म्हणतात. तिने शिक्षा डेन्मार्कच्या तुरुंगात भोगली. कमानींवरची जी सुंदर लाकडी घरे पाहुणे टिपतात, त्यांतली बरीच त्या आगीनंतरची आहेत.

1917 मध्ये डेन्मार्कने ही बेटे अडीच कोटी डॉलरला अमेरिकेला विकली. तिथले लोक आज अमेरिकेचे नागरिक आहेत, पण बेटावर राहून राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येत नाही.

भाच्याने हे सगळे किल्ल्यातल्या पाट्यांवर वाचले आणि फोनवर सांगितले. त्याचाही करारच आहे, नऊ महिन्यांचा. आपाने गुलामांची हकीकत शांतपणे ऐकून घेतली, मग विचारले, ‘‘तुझे किती राहिले?’’

‘‘अडीच महिने, अम्मी.’’

मागे जहाजाचा भोंगा वाजत होता.