संवेदना नाही, तरी वेदना का?

झाडावरून, विहिरीत किंवा मोटारसायकलवरून पडून मणक्याला जबर मार लागतो, मज्जारज्जूला इजा होते आणि कमरेखालचा भाग लुळा पडतो. पायाला चिमटा काढला तरी कळत नाही. तोच रुग्ण रात्री ‘पायांची आग होते, विजेचा झटका बसतो’ म्हणत तळमळतो. घरच्यांना वाटते, हे मनाचे खेळ आहेत.

तसे नाही. मज्जारज्जू म्हणजे मेंदूकडे जाणारी टेलिफोनची केबलच. ती तुटली की खरे निरोप पोहोचत नाहीत. पण इजेच्या जागेजवळच्या चेतापेशी चाळवतात आणि भलतेच निरोप मेंदूला जाऊ लागतात. निरोप खोटा, वेदना मात्र खरी! अशा इजेनंतर सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना दीर्घकाळ कुठली ना कुठली वेदना सोसावी लागते.

या आगीवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. रोज घेतल्यास जठर व मूत्रपिंडे मात्र बिघडतात. गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन ही औषधे डॉक्टर थोड्या मात्रेने सुरू करतात. गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला गुंगी येते. ती मनाने वाढवू नयेत, एकदम बंदही करू नयेत. वेदना निम्म्यावर आली आणि झोप लागली, तरी ते मोठे यश समजावे.

बधिर भागाला गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये. कातडी भाजते, रुग्णाला पत्ताही लागत नाही.

वेदना अचानक वाढली तर कारण शोधावे: तुंबलेली लघवी, जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, शय्याव्रण, बोटात रुतलेले नख. इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल आणि डोके ठणकून घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. रुग्णाला ताबडतोब उठवून बसवावे, कपडे सैल करावेत, लघवीची नळी मुडपली आहे का पाहावे आणि विनाविलंब इस्पितळ गाठावे.

चाकाच्या खुर्चीवर वावरणाऱ्यांचे खांदेही दुखतात. त्यासाठी व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. मुंबईत हाजी अली येथे 1955 साली स्थापन झालेली केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे सल्ला मिळतो.

औषधांइतकाच आधार घरच्यांच्या विश्वासाचा असतो. ‘दुखतंय’ म्हटल्यावर ‘तुला तिथे कळतंच कुठे?’ असे कृपया म्हणू नका.