शेजार वाईट असेल तर (घरची हत्यारं : लेखांक ९)

ड्रिलच्या बिटांचं आज होणार नाही. गुहागरकडच्या एका सुपारीच्या बागायतदारांचं पत्र आलंय, आणि पावसाळा तोंडावर असताना त्यांच्या प्रश्नाला आधी उत्तर द्यायला हवं.

ते लिहितात : पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर सगळं सांगितल्याप्रमाणे पुसलं, शिलाई मशीनचं तेल लावलं आणि झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलं. पेटी गाडीच्या शेडमध्ये, भिंतीवरच्या फळीवर. छप्पर गळत नाही. तरी आषाढ संपायच्या आत सगळ्यावर गंज. उलट वडिलांच्या वेळचा कोयता स्वयंपाकघरात चुलीवरच्या फळीवर उघडा पडलेला असतो, त्याला काही होत नाही. हा काय न्याय?

कोयत्याचं सोपं आहे. चुलीच्या वरची हवा कोरडी असते आणि लोखंडही जरा कोमट राहतं. कोमट लोखंडावर दमट हवेतलं पाणी धरत नाही. कॅमेरे सांभाळणारे जुने लोक कपाटात १५ वॅटचा बल्ब जळत ठेवत, तो त्याचसाठी. पण पेटीचं काय? मी फोन करून एकच विचारलं : शेडमध्ये आणखी काय काय ठेवता? यादी आली. संडास धुवायचं ॲसिड, विहिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर, मोरचूद, चुना, थिनर, पंपाचे सुटे भाग. ॲसिडची बाटली पेटीच्या बरोब्बर खालच्या फळीवर.

संडासाच्या ॲसिडात असतं हायड्रोक्लोरिक. झाकण कितीही आवळा, थोडी थोडी वाफ सुटतच राहते. ती दमट हवेबरोबर लोखंडावर जाऊन बसते आणि तिथे लोखंडाचं क्लोराइड तयार होतं. खरा घोळ पुढे आहे. हे क्लोराइड हवेतलं पाणी स्वतःकडे ओढतं. म्हणजे एकदा ते पृष्ठभागावर बसलं की बाहेर चार दिवस ऊन पडलं तरी पान्याच्या अंगावर ओल राहतेच, आणि गंज आत आत चरत जातो. क्रोमचा मुलामा असलेले पानेही सुटत नाहीत, कारण मुलाम्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. तिथून गंज शिरतो आणि चकचकीत साल पापुद्र्यासारखी उचलली जाते. स्टेनलेस स्टीललासुद्धा क्लोराइडने खड्डे पडतात.

ओळखायची खूण सांगतो. ॲसिड ज्या बाजूला असेल, त्या बाजूची बिजागरी, कडी, सायकलचे स्पोक, रंगाच्या डब्याची कड ही इतर सामानाच्या मानाने लवकर लाल होतात. तुमच्या शेडमध्ये असा एक लाल कोपरा असेल, तर त्याच्या मध्यावर काय ठेवलंय ते बघा. ब्लिचिंग पावडरही त्याच जातीची. पिशवी उघडल्यावर नाकात झोंबतो तो तिच्यातून निसटलेला क्लोरीन. तो हत्यारं खातो आणि पावडर विहिरीसाठी तेवढी निकामी होत जाते.

पण गंज सोडा. ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एका फळीवर आहेत, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. ही दोन एकत्र सांडली तर क्लोरीन वायू भसाभस सुटतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रजवळ जर्मनांनी फ्रेंच फळीवर सोडला तो हाच. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत पसरतो. गाडीखाली वाकून काम करणाऱ्या माणसाला पहिला गाठतो. एखादं मांजर फळीवरून उडी मारताना बाटली पाडू शकतं, याहून मोठ्या अपघाताची गरजच नाही. म्हणून ॲसिड शेडबाहेर, वारा लागेल अशा जागी, खालच्या पातळीवर, प्लॅस्टिकच्या टबात उभं, आणि पोरांच्या हाताला लागणार नाही असं कुलपात. ब्लिचिंग पावडर घराच्या दुसऱ्या अंगाला. आणि उरलेलं ॲसिड किंवा थिनर पाण्याच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय ज्या घरात असेल, तिथल्या वडीलधाऱ्यांनी ती आजच मोडावी.

मोरचुदाची तऱ्हा निराळी. त्याला वाफ नाही, पण लोखंडाशी वैर आहे, आणि बागायतदार त्या वैराचा उपयोग करून घेतात. कोळेरोगासाठी एक टक्का बोर्डो मिश्रण करताना १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी घेतात. मिश्रण जमलं की नाही हे बघायला घासून लखलखीत केलेलं लोखंडी पातं त्यात क्षणभर बुडवतात. पात्यावर तांबूस पूट चढलं की समजायचं, मोरचूद मोकळं शिल्लक आहे, अजून चुना घाला. पूट म्हणजे खरंखुरं तांबं. लोखंड विरघळून पाण्यात जातं आणि पाण्यातलं तांबं त्याच्या जागी बसतं. आता हाच प्रकार तुमच्या पकडीवर होऊ द्यायचा का? फवारणीच्या दिवसांत नोझल उघडायला तीच पकड, तेच निळसर हात, आणि संध्याकाळी ती तशीच पेटीत. तांब्याचे कण जिथे चिकटतात तिथे ओल मिळाली की भोवतालचं लोखंड दुप्पट जोमाने गंजतं. पंपासाठी एक पाना-पकड वेगळी ठेवा. जुनी, टाकाऊ चालेल.

गंजलेल्या पेटीचं आता काय करायचं? त्यांनी केलं ते सगळेच करतात : गंज घासला आणि वर तेल लावलं. क्लोराइड तेलाखाली तसंच राहिलं. हत्यारं आधी पाण्याने धुवा, चक्क नळाखाली. मग खायचा सोडा कालवलेल्या पाण्यात बुडवा, पुन्हा धुवा, फडक्याने कोरडी करून उन्हात तापवा, आणि गरम असतानाच तेल लावा. पेटीही तशीच धुवायची.

ओल शोषणारे ते कपाटातले डबे बरेच जण हत्यारांच्या पेटीत ठेवतात. त्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड असतं. काम चोख करतं, पण गोळा झालेलं पाणी म्हणजे क्लोराइडचाच रस. डबा कलंडला की चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. सिलिका जेलच्या पुड्या घ्या. निळ्या दाण्यांच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर वाळवल्या की पुन्हा चालतात. फक्त तो तवा मग भाकरीला नको. पेटीत दोन खडू टाकण्याचा उपायही मला कुणी ना कुणी सांगतंच. आपल्याकडच्या पावसाला दोन खडू!

थिनरबद्दल त्यांनी विचारलेलं नाही, पण कुऱ्हाडी-फावड्यांच्या दांड्यांना ते जवसाचं तेल लावतात असं पत्रात आहे, म्हणून एवढं सांगायलाच हवं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि सुकताना तापतं. तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि काडी न लावता ती पेट घेऊ शकतात. शेजारी थिनर असेल तर पुढचं सांगायला नको. फडकी उघड्यावर, एकेक सुटी पसरून पुरती कडक होईपर्यंत वाळवा, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

बिटांचं पुढच्या आठवड्यात नक्की. काँक्रीटमध्ये लाकडाचं बिट घालणाऱ्यांची पत्रंही साठली आहेत, ती त्याच वेळी घेऊ.