दुराह्याचा तह आणि आपली घरे

येथे सोनकच्छला युरोपातील तहांचे प्रकरण शिकवू लागलो, की मुले कंटाळतात. मग आम्ही फळ्यावर १७३८ हे साल लिहितो. त्या वर्षीच्या जानेवारीत भोपाळजवळ दुराहा येथे निजामाने पहिल्या बाजीरावांना माळवा आणि नर्मदा-चंबळेमधील मुलूख देण्याचे कबूल केले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात व्हिएन्नाच्या तहाने लोरेन प्रांत पोलंडच्या पदच्युत राजाकडे गेला व लोरेनच्या ड्यूकला मोबदल्यात टस्कनी मिळाली. रयतेला ना तेथे कोणी विचारले, ना येथे.

ज्या सत्तेच्या छायेत आपली घरे माळव्यात स्थिरावली, तीही टिकली नाही. १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकर इंग्रजांचे मांडलिक झाले. १९४८ साली शिंदे, होळकर, पवार यांची संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. सनदा गेल्या, माणसे राहिली. मूळ गाव कोणते, असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा आम्ही निःशंकपणे सोनकच्छ सांगतो. परंतु घरी मुले आपसांत हिंदीत बोलू लागली, की मन चरकते. मुलूख तहाने मिळतो, तहानेच जातो. मातृभाषेचे कलम मात्र यांतील एकाही तहात नव्हते. ते आपल्या घरानेच लिहावयाचे आणि पाळावयाचे.